वाट्याचा डबा

"मावशी, माझी टोपी?"

हिंदुराव स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. गुंड्या मात्र एकीच्या जागी दुसरी. मी चहा गाळत होते.

"कसली टोपी?"

"वाढदिवसाची."

"आरं, आज कुनाचा वाढदिवस न्हाई. तुझ्या घरची मानसं येनार हायती जेवन घिऊन."

"जेवन येनार ना? मग टोपी लागती," तो म्हणाला आणि मलाच काही कळत नसल्यासारखा बघत राहिला.

त्याचं तरी काय चुकत होतं? आमच्या घरात बाहेरून जेवण यायचं ते वाढदिवसालाच.

कऱ्हाडचा पूल ओलांडला की डाव्या हाताला एक गल्ली लागते, तिच्या टोकाला ते घर. दारावर 'सोबत' अशी पाटी होती. पाटीवर काय लिहिलंय ते लोक सांगायचे म्हणून मला माहीत. तिथं पाच जण राहायचे. वयानं सगळे बाप्ये, कुणाच्या कानशिलावर पांढरे केस आलेले, पण बुद्धी लहानपणीच थांबलेली. गल्लीतले लोक त्यांना 'मुलं' म्हणायचे. घर चालवणाऱ्या नलूताईंना ते खपायचं नाही. "मुलं नव्हेत ती," त्या म्हणायच्या, "आपल्या घरात राहणारी माणसं आहेत." म्हणून प्रत्येकाला काम होतं. पोपट झाडलोट करायचा. अरविंद बोलायचा नाही, पण दोरीवर कपडे असे वाळत घालायचा की सुरकुती दिसायची नाही. हिंदुरावकडं दार होतं. कुणी आलं की दार तो उघडायचा, पाण्याचा तांब्या तो आणायचा आणि जाताना फाटकापर्यंत तोच सोडायला जायचा. मी स्वयंपाक करायचे आणि त्यांच्यातच राहायचे. त्याआधी भट्टीवर विटा वाहिल्या होत्या. माझे मालक गेले, कंबर गेली, मग नलूताईंनी इथं आणलं.

वाढदिवसांचं असं होतं. गावात कुणाच्या नातवाला वर्ष पुरं झालं, कुणी निवडून आलं, कुणाची साठी झाली, की आमच्याकडं जेवण यायचं. आधी फ्लेक्स यायचा. व्हरांड्याच्या दोन खांबांना तो ताणून बांधायचे. त्यावर माणसाचा हा एवढा फोटो. मग आमच्या पाच जणांना ओळीनं खुर्च्यांवर बसवायचं, डोक्यावर चमकीच्या कागदी टोप्या घालायच्या, त्यांनी टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं म्हणायचं. मग ताट. देणाऱ्याचे दोन हात आणि घेणाऱ्याचे दोन हात ताटाला लागले की सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं बघायचं. पोपटला याची इतकी सवय झाली होती की गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला तरी तो पळत जाऊन खुर्चीत बसायचा आणि हात पुढं करायचा. सिलिंडरवाला हसायचा. मीही हसायचे.

हिंदुराव प्रत्येक वाढदिवसाला एक गोष्ट न चुकता करायचा. केकचा तुकडा असो, पेढा असो, जिलबीचं वेढं असो, अर्धं खायचा आणि अर्धं एका स्टीलच्या डब्यात टाकायचा.

"आयेचा वाटा," म्हणायचा.

त्याची आई, आक्का, दर महिन्याला बाजाराच्या दिवशी एसटीनं यायची. व्हरांड्याच्या पायरीवर बसायची, त्याला खालच्या पायरीवर बसवायची आणि त्याच्या डोक्यावर खोबरेल थापायची. तोवर तो डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवायचा. शिळं-ताजं न बघता ती त्यातलं खायची.

"लई दाट क्यास हायती बगा ह्येचं," ती एकदा मला म्हणाली होती. "ह्येचा बा गेला तवा दोघा भावांची डोकी केली घाटावर. संपत गप बसला. ह्यो मातूर क्यास मुठीत धरून घरी आला. म्हनला, आये, दादाचं बी आन् माझं बी, सारखंच हाय."

ती हसायची आणि पदरानं डोळे पुसायची.

मग आक्काचं येणं थांबलं. "गुडघ्यांनी धरलंय, एसटीत चढवत नाही," असं संपतराव फोनवर हिंदुरावला सांगायचे. संपतराव म्हणजे हिंदुरावचा थोरला भाऊ, गावच्या सोसायटीचा चेअरमन. बाजाराच्या दिवशी हिंदुराव फाटकाला धरून उभा राहायचा. डबा भरत चालला. बुरशी आलेलं मी गुपचूप काढून टाकायचे, वरचे कडक झालेले पेढे तेवढे राहू द्यायचे.

अशात आदल्या दिवशी नलूताई म्हणाल्या, "उद्या हिंदुरावच्या घरचे जेवण घेऊन येतायत. तू काही करू नकोस. मला सकाळी साताऱ्याला मीटिंग आहे, बारापर्यंत पोचतेच. आणि हे बघ, अन्सा..." त्या थांबल्या. "असू दे. मी आल्यावर बघते."

मी काही विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. गाडीनं येणार म्हणजे आक्कालाही घेऊन येणार. गाडीला काय, चढायचं आणि बसायचं. मी हिंदुरावला तसं सांगितलंही. रात्री तो डबा उशाशी घेऊन झोपला.

दहाच्या सुमारास टेंपो आला. भांडी उतरली, पुऱ्यांचं पीठ उतरलं आणि दोन माणसं फ्लेक्सची गुंडाळी घेऊन व्हरांड्यात आली. स्टुलावर चढून त्यांनी दोऱ्या ताणल्या. गुंडाळी उलगडत खाली आली तशी हिंदुरावनं एवढ्या जोरात हाक मारली की पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला.

"आये!"

आक्काच होती. हिरवी साडी, कपाळ उघडं, पण तोंडभर हसू. कुठल्याशा लग्नातला फोटो असावा. भोवतीनं गुलाबांची वेल, वर दोन पाखरं, खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं. ती अक्षरं मला रांगोळीसारखी. गेलेल्या माणसाचे फोटो मी बघितले होते ते भिंतीवरचे, काळे-पांढरे, हार घातलेले, तोंड मिटलेले. हसणारे रंगीत फोटो आमच्या व्हरांड्यात आजवर वाढदिवसाचेच लागले होते.

तरी मी स्टुलावरच्या माणसाला विचारलं, "कुनाचा म्हनायचा ह्यो?"

दातांत दोरी धरून तो म्हणाला, "चेरमनसायबांच्या आईचा."

झालं. मी हिंदुरावकडं वळले आणि टाळी वाजवून म्हणाले, "आरं येड्या, आयेचा वाढदिवस हाय आज!"

त्याचं तोंड मला अजून दिसतं. आधी त्याला खरं वाटेना. मग तो खोलीत पळाला आणि टोप्या घेऊन आला, पाचांच्या पाच. पोपट खुर्च्या ओढायला लागला. मागच्या वाढदिवसाचे फुगे माझ्याकडं पुडीत शिल्लक होते, ते मी काढले. अरविंद आणि मी फुगवत गेलो, हिंदुराव नेऊन फ्लेक्सला बांधत गेला. लाल, पिवळे, एक चांदीच्या रंगाचा. आक्काच्या दोन्ही बाजूंनी झुपके झाले. टेंपोवाली माणसं तोवर मागच्या अंगणात चुलाणं लावत होती. त्यांच्यातलं कुणी पुढं आलं असतं तर बरं झालं असतं.

"मावशी, आयेला किती वर्सं झाली?" पोपटनं विचारलं.

"शंभर," हिंदुराव म्हणाला.

"शंभर न्हाई. माझ्या आज्याला शंभर झालती, त्यो मेला."

"तुझा आज्या मेला. माझी आये मरत नसती."

मी दोघांना गप केलं आणि हिंदुरावच्या गुंड्या नीट लावल्या.

दोन गाड्या फाटकाशी थांबल्या. हिंदुरावनं दार उघडायला जायचं, पण आज गाणं सुरू करायचं कामही त्याचंच होतं. तो खुर्चीपाशीच उभा राहिला आणि मला म्हणाला, "तू उघड. मी हितं थांबतो. आये आली की गानं."

मी फाटक उघडलं. संपतराव पुढं होते, पांढरीशुभ्र कापडं, कपाळाला अष्टगंध. मागं दहा-बारा माणसं. बायका फिक्या साड्यांत, डोक्यावर पदर. एक कॅमेरावाला. एक अगदी म्हातारी बाई काठी टेकत उतरली. आक्का कुठं दिसेना. मी गाडीत वाकून बघितलं. आत चपलांची पिशवी होती.

तेवढ्यात मागून गाणं सुरू झालं.

हिंदुरावचा आवाज मोठा. पोपट त्याच्या मागं ओरडत होता, बाकीचे टाळ्या देत होते. पाच कागदी टोप्या उन्हात चमकत होत्या. आलेली माणसं फाटकाच्या आत चार पावलं येऊन जागच्या जागी थांबली. कुणाच्या हातात फुलांची पुडी, कुणाच्या हातात उदबत्तीचा पुडा. मागच्या एका पोराला हसू आलं, त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. गाणं काही थांबेना. शेवटी 'आये' असं नाव घालून हिंदुरावनं ते तसंच पुरं केलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

संपतरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. ते माझ्याजवळ आले. हळू बोलत होते, पण गल्लीला ऐकू जाईल असं.

"फुगे कुणी बांधले?"

"मी, सायेब."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

मी पदराला हात पुसले.

"विचारतोय मी. वाचता येत नाही का? प्रथम पुण्यस्मरण लिहिलंय तिथं. एवढ्या मोठ्या अक्षरात. वर्ष झालं आईला जाऊन. आणि तुम्ही फुगे बांधताय?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. विटा वाहताना मुकादमानं चारचौघांत शिव्या दिल्या होत्या, तेव्हा मी उलट बोलले होते. त्या दिवशी मात्र मान खाली घालून मी माझे पाय बघत होते. टाचांना भेगा होत्या, त्यांत कणकेचं पीठ बसलं होतं.

"काढा ते," संपतराव म्हणाले.

मी फुगे सोडवायला गेले. हिंदुरावनं दोऱ्याच्या गाठींवर गाठी मारल्या होत्या. नखांनी सुटेनात म्हणून ओढलं, तर चांदीचा फुगा फाटकन फुटला. अरविंदनं आनंदानं टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी हललं नाही. आक्काच्या गालावर फुग्याचं चिंधूक लोंबत राहिलं.

"मावशी, फुगं का काढतीयास?" हिंदुराव म्हणाला. "आयेनं बगितलं न्हाईत अजून." मग भावाला, "दादा, आये गाडीत हाय?"

संपतरावांनी फाटकाकडं बघितलं. नलूताईंचा पत्ता नव्हता.

"येईल. नंतर येईल," ते म्हणाले. "तू बस. जेवायचं नाही का तुला? चला रे, पानं घ्या."

पुऱ्या होत्या, खीर होती, वडे होते, भोपळ्याची भाजी होती. श्राद्धाचं ताट कुणीही ओळखेल. आमच्या पाच जणांना ओळीनं बसवलं आणि संपतराव एकेकाच्या हातात ताट देत पुढं सरकत गेले. कॅमेरावाला वाकून फोटो घेत होता. हिंदुरावपाशी आल्यावर तो सवयीनं म्हणाला, "भाऊ, इकडं बघा. जरा हसा."

हिंदुराव हसला. त्याला ते येत होतं. ताटाला एका भावाचे दोन हात, दुसऱ्या भावाचे दोन हात. फोटो निघाला.

मग तो ताट घेऊन उठला. फ्लेक्सच्या खाली, आक्काच्या पायांपाशी येईल असं, ते त्यानं जमिनीवर ठेवलं. आत जाऊन डबा आणला. झाकण काढून ताटाशेजारी ठेवला. पाण्याचा तांब्या आणला. आणि परत येऊन रिकाम्या हातानं खुर्चीत बसला.

"जेव की," संपतराव म्हणाले.

"आये आल्यावर."

काठीवाली म्हातारी खुर्चीतून उठली. ती त्यांची थोरली मामी, आक्काची भावजय. हळूहळू फ्लेक्सपाशी आली, वाकून ताट बघितलं, डबा बघितला.

"ह्ये काय गं बाई?" तिनं मला विचारलं.

"वाटा हाय," मी म्हणाले. "इथं कुनाचं काय गोडधोड आलं की त्यातलं अर्धं ठिवतोय. आयेसाठी. वरीस झालं भरतोय."

मामीनं डब्यातला एक पेढा उचलला. दगडासारखा झाला होता. तो तसाच हातात धरून ती संपतरावांकडं वळली.

"संपत, तू ह्येला सांगितलंच न्हाईस?"

"मामी, आता नको. लोकांत नको."

"मग लोकं कशाला आनलीस?"

"सांगणार होतो. त्या ताई येणार होत्या, त्यांच्यासमोर सांगायचं ठरलंय. हा बिथरला तर सांभाळणार कोण?"

"मातीला न्हाई आनलास तवा बी ह्येच म्हनलास. बिथरंल. दहाव्याला ह्येच. आन् आज त्येला जेवाय घालतुयास, व्हय? त्येच्याच आयेचं जेवान, भिकाऱ्याला वाढावं तसं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. पुऱ्या तळणारा माणूस झारा हातात घेऊन कोपऱ्यात उभा होता. संपतराव कुणाच्या तोंडाकडं न बघता घड्याळाचा पट्टा चाचपत होते. एवढा मोठा चेअरमन, पण त्या घडीला त्यांना उभं राहायला जागा सापडत नव्हती. मला वाटलं, सांगतील आता. खांद्यावर हात ठेवतील आणि सांगतील. त्यांनी कॅमेरावाल्याला खुणेनं बाहेर जायला सांगितलं, एवढंच.

हिंदुराव बायकांकडं बघत होता. तोंडाला लावलेले पदर त्यानं आधी कधीतरी बघितले होते. मग त्यानं भावाकडं बघितलं नाही, मामीकडंही नाही. माझ्याकडं बघितलं.

"मावशी, आये गेली?"

"व्हय," मी म्हणाले.

तासाभरापूर्वी याच तोंडानं मी त्याला वाढदिवस सांगितला होता.

तो बिथरला नाही. ओरडला नाही, काही फेकलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिचा रबर हनुवटीखाली अडकला, तो सोडवायला वेळ लागला. टोपी त्यानं नीट चपटी केली आणि माझ्या हातात दिली. मग शेजारच्या पोपटच्या डोक्यावरची काढली. अरविंदची काढली. पाचही टोप्या माझ्या हातात आल्या.

"दादानं डोकं केलं?" त्यानं विचारलं.

"केलं, लेकरा," मामी म्हणाली.

"माझं न्हाई केलं."

"अरे, आता वर्ष झालं," संपतराव म्हणाले. "आता करत नसतात."

"तुझं वरीस झालं," मामी म्हणाली. "त्येला आज कळलंय. त्येचा आजच पयला दिस."

नलूताई तेव्हा फाटकातून आत आल्या. घामानं निथळत होत्या, एसटी वाटेत बंद पडली होती. त्यांनी एकदा फ्लेक्स बघितला, एकदा माझ्या हातातल्या टोप्या बघितल्या.

"तुमच्या बाईनं तमाशा करून ठेवलाय सगळा," संपतराव म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत का त्याला?" नलूताईंनी विचारलं.

"सांगितलं. म्हणजे, कळलं त्याला."

नलूताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. वर्षभर त्या या माणसाला फोन करून सांग म्हणत होत्या, हे मला नंतर कळलं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, असा दम दिल्यावर तो यायला तयार झाला होता. "मला का न्हाई बोललासा?" असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडात राहिलं नसतं गं. भावानं सांगायला हवं होतं."

जेवणं उरकली. कशी उरकली कुणास ठाऊक. जाताना संपतराव म्हणाले, "न्हाव्याला पाठवतो." हिंदुराव सवयीप्रमाणं सगळ्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. मामी तेवढी मागं राहिली होती. पायरीवर बसून तो कडक पेढा ती चघळत होती, दात नसलेल्या तोंडात या गालातून त्या गालात. "तिच्या वाटनीचा मी खाल्ला रे," ती परत आलेल्या हिंदुरावला म्हणाली. तिला गाडीत बसवलं आणि गाड्या गेल्या.

दुपार कलल्यावर न्हावी आला. एकटाच. हिंदुराव पायरीवर बसला, आक्का त्याला तेल लावायला बसवायची त्याच पायरीवर. न्हाव्यानं डोकं भिजवलं, वस्तरा उघडला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"आये."

"कवा?"

"आज."

केस पडत गेले. त्यानं त्यातली एक मूठ भरून घेतली आणि फाटकाकडं बघितलं. दादाचे केस शेजारी ठेवून बघायला दादा नव्हता. मग मूठ उघडली. उठल्यावर डबा माझ्याकडं दिला. "घासून ठिव," म्हणाला.

फ्लेक्स काढायला कुणी आलं नाही. मी तो दोऱ्या कापून खाली घेतला, न फुटलेले फुगे सोडवले. हिंदुरावनं तो आपल्या खोलीत भिंतीला लावायला लावला. रात्री नलूताई माझ्याजवळ बसल्या तेव्हा मी म्हणाले, "ताई, त्यातलं पुन्यस्मरनाचं अक्षर कंचं?" त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पु. मला आलेलं पहिलं अक्षर ते. पुढं आक्काच्या फोटोखालीच मी बाकीची शिकले, रोज कामं आवरल्यावर, हिंदुराव कॉटवर बसून बघत असायचा. केस पिकल्यावर शिकलेली अक्षरं, त्यामुळं अजूनही एकेक लावूनच वाचते.

शिकणं भागच होतं. कारण त्यानंतर फ्लेक्स दिसला की हिंदुराव थांबायला लागला. आमच्या व्हरांड्यात लागला की थांबायचा. भाजीला गेलो की चौकात थांबायचा. कऱ्हाडला काय, प्रत्येक खांबाला माणसं हसत लटकलेली. तो माझी बाही ओढायचा.

"मावशी, ह्यो हाय का गेला?"

मी वाचायचे. 'वा' दिसलं की हाय. 'पु' दिसलं की गेला. पुढं 'भा' आलं, भावपूर्ण. कुणी गेलेला असला की हिंदुराव डोक्यावरून हात फिरवायचा. असलेला असला की पुढं चालायचा. व्हरांड्यात वाढदिवस असला की आता तो मला विचारल्याशिवाय टोपी घालायचा नाही. मी सगळ्यांसमोर एकेक अक्षर लावायचे आणि जेवण घेऊन आलेली माणसं थांबून बघायची. तेव्हाही माझी नजर पायांकडंच जायची.

डबा माळ्यावर गेला होता. त्यानं तो पुन्हा मागितला नाही.

बरीच वर्षं गेली. हिंदुरावचे केस परत आले, दाट, मग पांढरे झाले. एकदा आम्ही दोघं बाजारातून परत येत होतो. स्टँडसमोरच्या चौकात तिन्ही बाजूंना एकच माणूस लावलेला. डोळ्यांना काळा चष्मा, हात जोडलेले, गळ्यात हार. हिंदुराव थांबला. मीही ओळखलं.

"मावशी, ह्यो दादा."

"व्हय."

"दादा हाय का गेला?"

मला बघताक्षणी कळलं होतं. तरी मी एकेक अक्षर लावत बसले, बोटानं हवेत, उगाच. शेवटी अक्षरं संपली.

"हाय," मी म्हणाले. "वाढदिवस हाय त्येचा."

पुढं चालायला हवा होता तो. चालला नाही. भाजीची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून वर बघत राहिला.

"मग येत का न्हाई?"

मी रस्त्याकडं बघत राहिले.

"मग त्येचा वाटा ठिवाय पायजे," हिंदुराव म्हणाला.

घरी आल्यावर मी माळ्यावरून डबा काढला आणि घासून त्याच्या हातात दिला.